किमान वीस पौंड

गाडी माझ्याहून अठरा वर्षांनी लहान,
शहात्तर सालची डॉज,
छत वर उचलणारी, पोटात गॅसची शेगडी
आणि कंबर माझ्याआधी खचलेली.
डावीकडून जास्त.
नुसती उभी असली तरी वाटायचं,
कुणाचं तरी बोलणं कान लावून ऐकतेय.

पाट्यांनी हात टेकलेत, अर्व्हो म्हणाला.
माझा भाऊ. चाळीस वर्षं
लाकडाच्या ट्रकांखाली उताणा पडलेला.
सुपीरियर सरोवरावरून वारा येत होता,
मे महिना, आणि सॉनाच्या मागे अजून बर्फ.
खोक्यात दोन शॉक, काळ्या रबराचे,
फुगण्याआधीच्या बेडकांसारखे.

जुने काढण्यात एक दिवस गेला.
खालचा बोल्ट गंजाशी लग्न लावून बसलेला.
रात्रभर तेलात मुरवला,
सकाळी पान्याला दोन हात लांब पाइप जोडून
अर्व्होनं आमच्या बापाची एक फिनिश शिवी हासडली,
तेव्हा कुठे हलला.

मग नळीवरून वाजलं.
तो म्हणाला, एकच नळी, मध्ये टी,
दोन्हीकडे सारखी हवा.
मी म्हटलं, सारखी नको.
वळणावर जड बाजूची हवा हलक्या बाजूला पळते
आणि गाडी आणखीच कलते.
कागदावर लिहिलंय, वाच.
त्यानं वाचलं नाही. विचारलं,
डावीकडे आहे तरी काय एवढं?

पाण्याची टाकी. फ्रिज. बॅटरी.
आणि?

पलंगाखालची फळी त्यानंच उचलली.
कॉफीचे अकरा डबे. आत दगड.
लाल पट्ट्यांचे अकीक,
काही नुसतेच करडे, जे का उचलले
ते आता मलाही आठवत नाही.
प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी,
किनाऱ्याचं नाव, साल.

हे काढ, तो म्हणाला, शॉकच लागणार नाहीत.
पैसे परत मिळतील.
मी काही बोलले नाही.
त्यानं एक डबा हातात तोलला, वरचं साल वाचलं.
त्या साली आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो.
डबा होता तिथे ठेवला
आणि दुसरी नळी कापायला घेतली.

सायलेन्सरपासून वीतभर लांब,
चॅसीला पट्ट्यांनी बांधत बांधत,
दोन वाल्व्ह नंबरप्लेटच्या दोन बाजूंना.
भार पाट्यांनीच वाहायचा, तो गाडीखालून सांगत होता,
हवेनं नुसता हात द्यायचा.
सगळं हिच्यावर टाकलंस तर वरचा बोल्ट तुटेल.
आणि गाडी रिकामी असली तरी वीस पौंड ठेव.
अगदीच मोकळं सोडलं
तर रबर स्वतःलाच घासून फाटतं.

साबणाचं पाणी लावलं.
डाव्या जोडावर एक फुगा आला, मोठा होत राहिला.
आम्ही दोघं म्हातारी गुडघ्यांवर,
जत्रेतल्या पोरांसारखी बघत.
पाव आटा. थांबला.

डावीकडे साठ, उजवीकडे पस्तीस.
टेपनं मोजलं, दोन्ही चाकांवर सारखं.
गाडी एकदम ताठ,
फोटोसाठी उभी केल्यासारखी.

रात्री एकटीच निघाले
आणि रस्ता दिसला.
रस्ता! पांढरी रेघ, खड्डे, सशाचे डोळे.
इतकी वर्षं ही मागे बसलेली गाडी
दिवे वर करून चालायची,
समोरून येणारे शिव्या घालायचे
आणि मी हेमलॉकचे शेंडे बघत जायचे,
त्यात कधी एखादं घुबड, मान वळवून.

अकरा मैल नीट गेले.
मग बाजूला घेतली, उतरून मागे आले,
नखानं वाल्व्हची पिन दाबली.
फुस्स.
डावीकडे चाळीस.
उजवीकडे वीस, त्याखाली नाही.
अर्व्होला सांगणार नाही.