गळ्याचं माप

जानेवारीत इतागुआला पंख्यालाही घाम फुटतो.
वीज गेली की पत्र्यावर आंबे पडताना ऐकू येतात,
एक, मग बराच वेळ काही नाही, मग दोन लागोपाठ.
असल्या उकाड्यात पोंचो विणतेय म्हटल्यावर
शेजारची सेफेरिना तेरेरेचा पेला पुढे करत म्हणाली,
"झुनिल्दा, डोकं ठिकाणावर आहे ना?"

लोकरीचा नव्हे गं, सुताचा.
एक खांब, दोन साखळ्या, पुन्हा खांब,
दर चौकटीतून वाऱ्याला वाट.

निमियासाठी आहे. सोमवारी तिची बस येते
ब्युनोस आयर्सहून. फोनवर सांगत होती,
पंचवीस दिवस यंत्राखाली झोपून
डाव्या खांद्याची कातडी
भाजलेल्या रताळ्याच्या सालीसारखी झालीय.
ऊन चालत नाही. कापडाचं ओझं चालत नाही.
शिवण तर नकोच.
मग उरतं काय?
भोकं. आणि भोकांभोवती दोरा.

अर्धा झाल्यावर माझ्याच हातावर टाकून
अंगणात उभी राहिले. चाळणीतून पीठ पडावं
तसं ऊन पडलं. आठ ओळी उसवल्या.
खांद्यावर आता मुके खांब घातलेत,
बुटके, खेटून उभे,
नावाप्रमाणे काही न बोलणारे.

एउसेबियोने किराण्याच्या काट्यावर तोलला:
दोनशे दहा ग्रॅम.
"माझा आंबा याहून जड," म्हणाला.

गळ्याचं माप मात्र मी विचारलं नाही.
शाळेच्या दिवसांत रोज सकाळी तिची वेणी घालायचे,
दात-ओठ खात, कंगवे मोडत.
पपनसाएवढा अंबाडा जायला हवा आतून,
म्हणून एकशे बारा टाके.

सोमवारी अंगणात तिने डोक्याचा रुमाल सोडला.
मी पोंचो वरून घातला.
ओढावा लागला नाही.
गळा डोक्यावरून आला, खांद्यावरून घसरला,
थेट कोपरापाशी थांबला.
दोघी त्याच्याकडेच बघत राहिलो,
जशी काही चूक त्याची.

"आण इकडे, तीस टाके कमी करते."
तिने गळा मुठीत धरून ठेवला.
"माप राहू दे."

रात्री मेणबत्तीपाशी बसून
दोनशे साखळ्यांची नुसती दोरी विणली,
गळ्याच्या भोकांतून ओवली,
पुढे सुरगाठ. टोकं लांब सोडली.

सकाळी ती चिपा आणायला म्हणून गेली
आणि फाटकाच्या कडीत पोंचो अडकला.
वीतभर धागा बाहेर.
निमियाने त्या कडीला
अस्सल ग्वारानीत अशी शिवी हासडली
की सेफेरिनाची कोंबडी बिचकून भिंतीवर चढली.

सुई शोधत मी उठले.
मुद्दामच सावकाश शोधली,
अजून एखादी ऐकू येते का म्हणून.