कोनची सुकरी

बेलापुरात चौथ्या मजल्यावर
जहाजांवर माणसं पाठवायचं आमचं ऑफिस.
यादीत नाव आलं : पारास्केवास, थर्ड इंजिनिअर.
पोरं हसली, ‘मॅडम, पारसकाका आले!’

न्हावा-शेव्याला बोट लागली होती,
एक सही राहिली होती, म्हणून तो आला.
मी विचारलं, नावाचा अर्थ काय?
‘शुक्रवार,’ म्हणाला. मग जरा थांबून,
मुळात ‘तयारी’.
शनिवारी चूल बंद, हात बंद,
म्हणून आदल्या दिवशी पाणी भरायचं, पीठ मळायचं.
त्या धांदलीचं नाव वाराला लागलं,
वाराचं एका संतिणीला,
तिचं त्याच्या आजीला,
आणि आजीचं, शेपटी पुरुषी करून, त्याला.
‘आमच्यात म्हातारी माणसं नावं मागं ठेवतात,
पितळेची भांडी ठेवावीत तशी.’

ती संतीण डोळ्यांची. दिसू लागलं
की लोक तिला चांदीचे डोळे वाहतात.
म्हटलं, आमच्या गावदेवीलाही.
आजी शुक्रवारी मासळीला शिवत नसे, म्हणाला.
इथं गाडं अडलं. आमचा शुक्रवार म्हणजे
निवट्या, बोंबील,
गुरुवारभर उपाशी राहिलेलं कालवणाचं पातेलं.

त्याला सांगितलं नाही
की करावे गावात, मिठागराच्या बांधालगत
मीही सुकीरवारचीच.
आयेनं दुसरा विचार केला नाही : सुकरी.
भाऊ बुध्या, शेजारची मंगली,
अख्खा आठवडा अंगणात भांडायचा.
शाळेत गुरुजींचं पेन थबकलं,
‘हे काय नाव?’
रजिस्टरात सुकन्या झाले.
मग रेशनकार्डावर, लग्नपत्रिकेवर,
साडेबारा टक्क्यांच्या कागदावर.
त्यांना दोष कशाला देऊ,
‘ओ’ द्यायला मीच शिकले, चटकन.

जाता जाता म्हणाला, सव्वीस जुलैला
आमच्या नावाचा सण, वाढदिवसाहून मोठा.
इथं त्या तारखेला लोकांना
गळ्यापर्यंतचं पाणी आठवतं.

संध्याकाळी आतेला फोन लावला.
कानानं कमी झालीय ती.
‘कोन?’
‘सुकरी.’
‘कोन?’
‘अगो, सुकरी!’
काचेपलीकडे दोन माना वळल्या.
तिकडं मिक्सर बराच वेळ चालू राहिला.
मग म्हणाली,
‘कोनची सुकरी? गावान तीन व्हत्या.’