वीस नंबरचं सूत

रविवारी कारखाना बंद,
पण यांच्या कानात माग चालूच.
उठल्या उठल्या विचारतात,
कोणाचा माग चालतोय गं अजून?
कोणाचा नाही, म्हणते मी.
मग हातानंच दाखवते:
चला, शेवया.

कन्ना चौकाच्या अलीकडे, बोळात,
चन्नवीरप्पाचं कॉफीचं दुकान.
चार टेबलं, त्यातलं एक लंगडं,
त्याच्या पायाखाली टॉवेलची घडी,
यांनीच दिलेली. काठ चुकलेला माल.

प्लेट येते. मोहरी, कढीपत्ता,
कांदा जरा जास्तच परतलेला,
कडेला शेंगाचटणी, मागितली नाही तरी.
"काय राजेशम, आज कितवा नंबर?"
हे एक शेवई उचलतात,
दारातल्या उजेडाकडे धरतात,
दोन बोटांत हलकेच ओढून बघतात:
"वीस."
एकदा सोळा निघाली होती
तेव्हा आत जाऊन विचारून आले,
शेवया कोणाकडनं घेतल्यास?
खरंच, बाई बदलली होती त्यानं.

मी हसत नाही.
विड्या बांधून बांधून
मलाही सगळं पंचवीसच्या जुडीत दिसतं.

यांच्याशी बोलायचं तर ओरडायचं.
घरी ठीक आहे, तेलुगूत ओरडते.
इथं ओरडले तर शेजारच्या टेबलाला
आमचं थकलेलं भाडं कळेल.
म्हणून मी ओठांतल्या ओठांत बोलते.
अकरा वर्षं, दर रविवारी,
शेवया गार होईपर्यंत:
त्या निळ्या शर्टात तुम्ही कंडक्टर दिसता.
तुमच्या आईनं माझी बांगडी
अजून परत दिली नाही.
मला एकदा विजापूरला जायचंय,
गोलघुमटात म्हणे
इकडे कुजबुजलेलं
पलीकडच्या भिंतीला ऐकू जातं.
कोणाला सांगत होते, काय की.
बोललं की भूक लागायची, एवढं खरं.

आज कॉफी आली.
यांनी बशीत ओतली, फुंकर मारली,
आणि म्हणाले,
"पुढच्या रविवारी विजापूर.
सहाची एसटी आहे. डबा नको, तिथंच खाऊ."

माझा चमचा तिथंच थांबला.
तुम्हाला ऐकू आलं?

"ऐकू कशाला यायला पाहिजे?
शेडमध्ये ऐंशी माग.
सगळे ओठच बघतात.
वीस वर्षं झाली."

मी मनातल्या मनात
अकरा वर्षांचे रविवार मोजायला घेतले.
पंचवीसच्या जुडीत पण बसेनात.
आणि तो निळा शर्ट,
खरंच की,
कधीपासून दोरीवर दिसला नाही.

चन्नवीरप्पा पैसे मोजत होता.
शेजारच्या टेबलावर कोणी तरी साखर मागितली.

मग बांगडीचं विचारावं
म्हणून मी तोंड उघडलं,
तर हे मान खाली घालून
रिकाम्या प्लेटीत
एक शेवई शोधत बसले.