वायरमनची कबुली

पुंता अरेनासला डिसेंबरात रात्र येते
ती घाईतल्या पाहुणीसारखी,
उंबऱ्यावरच पाणी पिते, टेकत नाही.
सकाळी आठला नेलिदा ड्युटीवरून परतते तेव्हा
ऊन केव्हाचं स्वयंपाकघरात येऊन बसलेलं असतं
आणि वारा छपरांच्या पत्र्यांशी भांडत असतो.

खिडकीला मी चकचकीत कागद चिकटवलाय,
ज्यात आम्ही रविवारी कोकराचं मांस भाजतो, तोच.
त्यावर घोंगडी. घोंगडीवर तिच्या आईची शाल.
खोलीत इतका काळोख की मी चाचपडत माझा चष्मा शोधतो.
तरी तिच्या डोळ्याला डोळा लागत नाही.
पापण्या मिटलेल्या, पण आत कुणीतरी
बटण बंद करायचं विसरलंय.

ते बटण माझं.
तीन वर्षांपूर्वी नवजात विभागातले पिवळे, गुणगुणणारे दिवे
मीच काढले, शिडीवर उभा राहून,
आणि छतभर पांढरे पट्टे बसवले.
संचालकांनी पाठ थोपटली. विजेचं बिल उतरलं.
"आता सुई पडली तरी दिसेल," मी म्हणालो होतो.
खरंच दिसते.

लोक कौतुकानं म्हणतात, अमक्यानं रात्रीचा दिवस केला.
मी तो केला. अठ्ठेचाळीस दिवे,
प्रत्येकी चार स्क्रू.

तिचं शरीर भोळं आहे.
पहाटे तीनला वर बघतं, पांढरंशुभ्र दिसतं,
म्हणतं, असेल दुपार,
आणि आत मंद आचेवर ठेवलेली झोप
अर्धकच्चीच खाली उतरवून ठेवतं.
हे मला कुठल्या डॉक्टरनं सांगितलं नाही.
तिनेच सांगितलं, पाव खाता खाता,
एकाच तुकड्याला दोनदा लोणी लावत.

मग एका रात्री फ्यूज बदलायला मी वर गेलो.
काचेच्या पेटीत तीन दिवसांची एक मुलगी,
मेणासारखी पिवळी, उघडी,
कावीळ उतरवणाऱ्या निळ्या उजेडात.
डोळ्यांवर कापडाची पट्टी.
शेजारी माझी बायको, त्याच निळ्यात,
डोळ्यांत तेल घालून तापमान लिहिणारी.
पट्टी एकीलाच होती.

दुसऱ्या रात्री मी एकाआड एक दिवा सैल केला.
कुणाला विचारलं नाही.
मुख्य परिचारिका दानित्सा मिमित्सा हिनं
पहाटेच मला जिन्यात गाठलं, हातात औषधाची बाटली:
"अर्धा आणि पाच यांच्यात एका टिंबाचं अंतर असतं.
हे घे. त्या अंधारात जाऊन वाचून दाखव."
मी गेलो. बाटली डोळ्यांजवळ नेली, लांब धरली.
मला वाचता आलं नाही.

म्हणून औषधांच्या टेबलावर पांढरा तसाच आहे,
पेट्यांवर निळा.
बोळात आणि नोंदवह्यांच्या कोपऱ्यात
आता कोऱ्या चहाच्या रंगाचे सहा दिवे, माझ्या पगारातले.
बाकीच्यांची फाइल सान्तियागोला गेलीय,
तिकडे ती बहुधा झोपलीय.
येताना नेलिदा बसमध्ये काळा चष्मा घालते.
ड्रायव्हरला वाटतं ही रोज रात्री रडते,
तो तिच्याकडून हल्ली सुटे मागत नाही.

फरक? ती म्हणते, चाळीस मिनिटं.
कधी तेवढीही नाही,
गॅसवाला सिलिंडर बडवत येतो, शेजारचा कुत्रा त्याला साथ देतो.
पण ज्या दिवशी लाभतात त्या दिवशी
मी बाहेर बसून घड्याळाकडे बघत राहतो,
किटली शिट्टी मारायच्या आत उचलतो.

काल धुण्याआधी तिच्या झग्याच्या खिशात
बाळाची पट्टी सापडली, टाकायची राहिलेली,
माझ्या दोन बोटांएवढी.
तिनं ती डोळ्यांना लावून पाहिली.
एकच डोळा झाकला.
दुसऱ्यानं माझ्याकडे बघून हसली.
तो मी तळहातानं झाकला
आणि पलंगाच्या कडेला तसाच बसून राहिलो,
हाताला मुंग्या येईपर्यंत,
आणि आल्यानंतरही.