व्यवसाय : डॉक्टर

मार्च सरत येतो, सुपीरियर सरोवरावरचा बर्फ अजून तडकायचा असतो,
तेव्हा हॅनकॉक गावातले दोन डॉक्टर
माझ्या टेबलावर येतात, कागदांच्या रूपात.

एक हृदयाचा. त्याची फाइल जाडजूड.
स्टेंट बसवतो, रात्री दोनला उठून धावतो,
मिळवतो ते फुकटचं नाही.
दुसरी लॉर्ना हेइक्किनेन, म्हाताऱ्यांची डॉक्टर.
तिचं एक खाकी पाकीट, त्यावर कॉफीचा डाग,
आत पेट्रोलच्या पावत्या
आणि एक वर्ष जास्त शिकल्याचं प्रमाणपत्र.
ते तिनं एकदा मुद्दाम जोडलं होतं :
"हे नुकसानीत धरता येतं का बघ."

मी हिशेबनीस. तीस वर्षं आकडे चिवडतोय.
जास्त शिकून कमी मिळवणारं माणूस
माझ्या कपाटात तेवढं एकच.

तांब्याच्या खाणी मिटल्या, तरणी पोरं दक्षिणेला पांगली,
मागे उरलं ते सगळं तिचंच गिऱ्हाईक.
"मागणी वाढली की भाव वाढतो," मी म्हणालो होतो.
ती म्हणाली, "रेइनो कल्लिओला मोजे काढायला
अकरा मिनिटं लागतात.
त्याच्या पायाची बोटं बघितल्याशिवाय मी त्याला सोडत नाही.
विम्याच्या यादीत मोज्यांना नंबर नाही."

माझी आई तिच्याकडे गेली
बिस्किटांच्या डब्यात चौदा प्रकारच्या गोळ्या घेऊन.
भिंतीशी बोलायची.
मला माझ्या मेलेल्या मामाच्या नावानं हाक मारायची.
आम्ही ठरवून टाकलं होतं : झालं, डोकं गेलं.
लॉर्नानं डबा टेबलावर उपडा केला.
कुणी दिली, कशासाठी, कधीपासून,
एकेक गोळी उजेडात धरून
पाऊण तास.
मग नऊ बाजूला सारल्या, हळूहळू, एकेक करून बंद.
उन्हाळ्यात आईनं मला पत्त्यांत हरवलं
आणि गुण मांडताना माझीच बेरीज चुकलेली दाखवली.

त्या दिवसाचं बिल मी पाहिलंय.
पैसे देणाऱ्यांच्या लेखी तिनं काही केलंच नव्हतं.
काही घातलं तर पैसे.
काढलं तर?

गेल्या हिवाळ्यात एक शिकाऊ आला, डार्नेल प्रुइट, डेट्रॉइटचा.
हात चांगला, ती म्हणायची, कान त्याहून चांगला.
महिनाभर तिच्या गाडीतून घरोघर फिरला,
म्हाताऱ्या व्हिएनोच्या सॉनाच्या पायरीला
स्वतः कठडा ठोकून आला.
निघताना त्यानं विचारलं, किती मिळतं?
तिनं त्याला माझ्याकडे धाडलं : सगळं दाखव.
दाखवलं.
त्यानं खिशातून आपला कागद काढला,
शिक्षणाचं कर्ज, आईच्या घराचे हप्ते,
आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून
खिडकीबाहेर बर्फाचा नांगर जाताना बघत बसला.

तो हृदयाकडे गेला.
मीही तेच केलं असतं, आणि त्याला तसं सांगितलंही.
लॉर्नाला हे सांगितलं नाही. पण तिला कळलं असावं,
कारण त्या वर्षी माझी फी तिनं
दहा डॉलर कापून दिली.

तिच्या जोडीला डॉक्टर हवा, ही जाहिरात तिसऱ्या वर्षीही तशीच.
ती त्रेसष्टची. मी अठ्ठावन्नचा, गुडघा वाजतो.
ती थांबेल तेव्हा मी किती वर्षांचा असेन,
ही वजाबाकी मला येते. करत नाही.

फॉर्मवरचा व्यवसायाचा रकाना आखूड आहे.
तिच्या कामाचं पूर्ण नाव त्यात मावत नाही,
म्हणून दरसाल मी नुसतं 'डॉक्टर' लिहितो.

काल ती सही करायला आली. बूट दारात काढले.
मी चष्म्यासाठी टेबल चाचपत होतो,
कागद उचल, ड्रॉवर उघड, पुन्हा तोच ड्रॉवर.
चष्मा माझ्या कपाळावर होता.
ती काही बोलली नाही.
कोट न काढता समोर बसली
आणि घड्याळाकडे न बघता
मी कसा शोधतो, ते बघत राहिली.