कपाट नंबर नऊ

रोज सकाळी आधी नऊ नंबरची काच पुसतो,
साडेदहाला उन्हाची तिरीप तिथवर पोचते
आणि रंग उडतो, असं जुने साहेब
निवृत्त होताना बजावून गेले.
नोंदवहीत मोडीवळणाचं अक्षर:
म्यान. चामडं, वर साळिंदराचे काटे.
मुक्काम अक्राणी. पातं नाही.
कर्ता अज्ञात.

मे महिना. पांझरेत वाळूच.
आमच्याकडे पाच रुपये मोजून लोक येतात ते
पंख्याखाली टेकायला; मूर्ती आपल्या उभ्याच.
तशीच ती आली. काखेत सिव्हिलची फाइल,
मागे नऊ-दहा वर्षांचा पोरगा,
डोळे पिवळे, गुडघा धरून चालणारा.
"रिपोर्ट चारला देणारेत," म्हणाली,
जणू मीच विचारलं होतं.
"बसा ना बाई, पंखा शे आठे."

ती बसली, पण पंख्याखाली नाही.
नऊ नंबरपुढे उकिडवी,
चुलीपुढे बसतात तशी.
पोरानं चिठ्ठी वाचून दाखवली, अक्षर अक्षर जोडत.
"अज्ञात म्हणजे?"
मी म्हटलं, कोणी केलं ते माहीत नाही.
"कोणाला?"

मी चाव्यांचा जुडगा या खिशातून त्या खिशात टाकला.

मग ती बोलली, माझ्याशी नव्हे, काचेशी.
काटा कोरडा चालत नाही. तडकतो.
आधी पाण्यात, मग गालात धरायचा,
थुंकीनं नरम झाला की चिरायचा,
दाढेखाली दाबून चपटा करायचा,
पळसाच्या फुलांत उकळायचा.
एका बोटाच्या नक्षीला
एका बाईचं तोंड आठ दिवस बंद.
"हे बघा," तिनं काचेवर नख टेकवलं,
"इथपर्यंत काटे कसे, चिंचोक्यासारखे सपाट.
इथून पुढे फुगीर. परत इथून सपाट.
मध्ये तिची दाढ दुखत होती.
डावी.
मग उजवीनं चावायला लागली."

बावीस वर्षं मी ती फुगीर ओळ पुसतोय.
मला वाटायचं, तो नमुनाच तसा.

"आणि पातं?"
मी खांदे उडवले. पण ती गेल्यावर
खालच्या लोखंडी पेटीतली फाइल काढली,
वाळवी झटकली. एक पिवळा कागद:
लाकूडतोडीचा गुन्हा, इसम एक,
हत्यार मुद्देमालात जमा.
म्यान शोभिवंत, सबब बंगल्यावर पाठवले.
एकाच कमरेवरून उतरवलेली जोडी.
पातं जप्त, म्यान जतन.
इसमाचं पुढे काय झालं, त्या जागी
वाळवीनं गोल भोक पाडलंय, सुबक.

पोरगा काचेला नाक लावून होता.
"आई, हे रिकामं नाही. पोट बघ याचं."
खरंच, चामडं अजून फुगलेलंय
पात्याच्या आकारानं.
"रुमश्या, हात काढ. काका ओरडतील."
मी ओरडणार नव्हतो. पण तसं म्हणालोही नाही.

पावणेचारला ती उठली.
जाताना सांगितलं, आमच्याकडे आता हे कोणी करत नाही.
रानात काटा सापडला, पोरानं टोपीत खोवला,
तरी फॉरेस्टवाला विचारतो, कुठून आणला?
"तुम्हाला विचारत नाही?"
हसली की नाही, पदरामुळे दिसलं नाही.

संध्याकाळी दार लावण्याआधी
नोंदवहीत 'कर्ता अज्ञात'च्या पुढे
पेन्सिलीनं बारीक लिहिलं:
बाई होती. डावी दाढ दुखत होती.
नवे साहेब बघतील तर खोडतील,
म्हणून थोडं दाबून लिहिलं.

मग आठवलं, चारचा रिपोर्ट.
कसा आला असेल? कोणाला विचारू?
पोराचं निदान नाव कानावर पडलं.
तिचं मी विचारलंच नाही.
तिकिटांची स्थळप्रत चाळली.
माझ्याच अक्षरात होतं:
मोठे एक, लहान एक.