मजकूर गुरुवारपर्यंत द्यावा

प्रत्येकाला चाळीस शब्द, छापखान्याच्या ह्यूनं बजावलंय.
चाळीस म्हणजे चाळीस. यंदा जाहिराती वाढल्यात:
खाटीक, धुराडी साफ करणारा,
आणि अंत्यविधीवाले प्रिचर्ड बंधू,
ते दरवर्षी अख्खं पान घेतात. त्यांना घाई नसते.

एक नंबर, गोलकीपर, टेगिड.
उंची त्यानं सहा फूट दोन लिहिलीय.
मी मोजली नाही. पण आमच्या स्वयंपाकघराच्या दारातून
तो न वाकता आत येतो, एवढं मला ठाऊक आहे.
काम: दुधाचा टँकर. पहाटे तीनला उठतो,
म्हणून दुसऱ्या हाफमध्ये जांभया.
हे लिहायचं नाही.

दोन आणि पाच, सख्खे भाऊ, गेथिन आणि इडवाल.
बापाच्या मेंढ्यांची वाटणी झाली
तेव्हापासून एकमेकांशी बोलत नाहीत.
मैदानात मात्र: "सोड!" "माझा!" "मागे माणूस!"
आठवड्यातली नव्वद मिनिटं.
आई कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी उभी राहते, पाठ वळवून.
खेळ बघत नाही ती. ऐकते.

चार नंबरचं नाव दोन वर्षं मी चुकीचं छापलं,
दरवेळी वेगळं चुकीचं. तो हसायचा फक्त.
यंदा अंड्यांच्या खोक्यावरचं लेबल उलटं करून
त्यावर स्वतःच लिहून आणलंय: ग्झेगोश.
खाली लहान अक्षरात, "घाई नाही."

आमचा क्लब अर्धव्यावसायिक.
सामन्याचे चाळीस पौंड, लांबचा असेल तर पेट्रोल.
उरलेला अर्धा भाग कशाचा, हे कोणी विचारत नाही.
बहुतेक तो सोमवारी लंगडतो.

नऊ नंबर, यांतो.
"बचावफळीच्या नाकी नऊ आणणारा",
हे वाक्य मी सात वर्षं वापरतेय, माणसं बदलली तरी.
यांतोचे या मोसमात दोन गोल,
त्यातला एक दुसऱ्याच कोणाच्या तरी पाठीवरून.
पाटीच्या दगडाची खाण होती इथं. तिथं आता तो
पर्यटकांना पिवळी टोपी घालतो, हनुवटीखाली पट्टा ओढतो,
आणि आजोबा जिथं खोकले तो बोगदा दाखवतो.
आवडता पदार्थ: चिप्स.

तेरा नंबर कोणी मागत नाही.
तो शर्ट धुवायलाही लागत नाही, तरी मी धुते.

आता अकरा.

एलिस, डावी बाजू. मार्चमध्ये गुडघा गेला,
बर्फ वितळलेल्या चिखलात, आजूबाजूला कोणी नसताना.
डॉक्टरनं जे सांगितलं ते त्यानं आम्हाला
हवामान सांगावं तसं सांगितलं.
फॉर्म त्यानं परत दिला, छंदाची ओळ कोरी.
मी गेल्या वर्षीचाच मजकूर ठेवला:
ब्रिनगलासचा सर्वांत वेगवान खेळाडू आहे.
त्यानं वाचला, पेन मागितलं, "आहे" खोडलं,
वर "होता" लिहिलं. पेनाला टोपण लावून परत दिलं.

मी ह्यूला फोन केला.
तो मोजत राहिला, जीभ टाळ्याला लावून.
"आहे काय आणि होता काय," म्हणाला,
"शब्द तेवढेच भरतात. काय ते ठरव, पाचला मशीन बंद होतं."

चार पन्नासला मी ठरवलं.

शनिवारी एलिस नदीच्या बाजूला होता, लांब काठीची जाळी घेऊन.
आमच्याकडे चेंडू कुंपणावरून गेला की नदीत जातो,
आणि नदी थांबत नाही.
साठाव्या मिनिटाला इडवालनं तो आभाळात मारला.
"मूर्खा!" गेथिन ओरडला, म्हणजे एक नवा शब्द.
चेंडू पडला पुलाच्या वरच्या अंगाला, वळला, वाहू लागला,
आणि एलिस धावला.

फार नाही. आठ, नऊ पावलं.
मी मोजली.